परसात झिपलाईन लावायची असेल तर किट कसं निवडायचं

झिपलाईन म्हणजे दोन झाडांमध्ये तिरका बांधलेला स्टीलचा दोर, त्यावर चाकांची ट्रॉली पळते आणि तिला लोंबणाऱ्या सीटवर बसून पोर खाली घसरत जातं. ऑनलाईन झिपलाईनचं किट शोधायला घेतलं की सगळ्यात ठळक अक्षरात लांबी दिसते, ८० फूट, १०० फूट, १५० फूट, आणि तिच्याखाली वजन, २५० पाउंड वगैरे, म्हणजे साधारण ११३ किलो. मग आपणही त्या दोन आकड्यांवरच अडून बसतो. माझं कळकळीचं म्हणणं आहे की लांबी सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते पोर थांबणार कुठे आणि कशाने, मग ज्या दोन झाडांना दोर बांधणार ती किती ताण घेतील, मग दोर आणि त्याची टोकं आवळणारे क्लॅम्प कशाचे आहेत, आणि हे सगळं जुळलं की लांबी आपोआप ठरते. उलटं गेलं की १५० फुटी किट घरात येऊन पडतं आणि मग ते वाया जायला नको म्हणून लोक नको त्या झाडाला बांधतात.

त्यात ही किटं मुळात बनतात ती अमेरिका-युरोपातल्या परसांसाठी, जाड बुंध्याचे ओक वगैरे धरून. आपल्या गोव्यात परसात माड, पोफळी, काजू, हवेत मीठ, आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास, वाळपई-सांगेकडे त्याहून जास्तच. त्यामुळे तिकडच्या लोकांनी पाच स्टार दिले म्हणजे इकडे पण चालेल असं धरून चालू नका.

आधी टेप घेऊन परसात जा

दोन झाडांमधलं अंतर नुसतं पावलांनी नको, टेपने मोजा. मग त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना निदान २-२ मीटर जागा मोकळी आहे का बघा, कारण सीटवर बसलेलं पोर सरळ जात नाही, झोके खात, फिरत फिरत जातं. त्या पट्ट्यात कपडे धुवायचा दगड, चिऱ्याचा गडगा, तुळस, पंपाची केबिन, काही नको. विहिरीवरून तर लाईन अजिबात न्यायची नाही, जाळी घातलेली असली तरी नाही. आणि वर बघा, खांबावरून घरात येणारी विजेची वायर त्या रेषेच्या आसपास असेल तर ती जागा सोडूनच द्या, दोर टाकताना आणि ताणताना हमखास उसळतो, आणि तो लोखंडाचा आहे.

अजून एक, जे बाहेरच्या कुठल्याच गाईडमध्ये सापडणार नाही. लाईन माडाच्या खालून जाऊ देऊ नका. पाडेली येऊन नारळ पाडून गेला तरी चुडती, म्हणजे झावळ्या, पडतच असतात, आणि वाळलेलं चुडत डोक्यात पडलं तर काय होतं ते इथे कोणाला सांगायला नको. भाटात झिपलाईन लावायची हौस असेल तर माडांच्या दोन रांगांच्या बरोब्बर मधला मोकळा पट्टा शोधा, तो पुरेसा रुंद नसेल तर तिथे नकोच.

जमिनीला उतार असेल तर तुमचं नशीब. फोंडा, सत्तरी, केपे या बाजूला कुळागरात, डोंगराच्या पायथ्याच्या घरांमागे आयता उतार मिळतो, वरच्या पायरीवरून सुटायचं आणि खालच्या पायरीवर थांबायचं, फार उंच काही बांधावं लागत नाही. समुद्राकडच्या सपाट जागेत मात्र सुरुवातीला उंची तयार करावी लागते, आणि तिथे लांब लाईनचा मोह टाळलेला बरा. एक उदाहरण करून दाखवतो. सपाट परसात १८ मीटरची लाईन, दोन टोकांच्या उंचीत ७० सेंटिमीटर फरक, आणि पोर मधोमध असताना दोर ९० सेंटिमीटर झोळ खातो असं धरा. तर सगळ्यात खालचा बिंदू सुरुवातीपेक्षा जवळपास १.३ मीटर खाली येतो. सीट दोरापासून दीड मीटर खाली लोंबते, आणि तिच्याखाली जमिनीपर्यंत ६० सेंटिमीटर पाहिजेत, म्हणजे सुरुवातीला दोर ३.४ मीटर उंचीवर बांधावा लागेल आणि शेवटी २.७ मीटरवर. आता सुटायच्या जागी सीट जमिनीपासून जवळजवळ १.९ मीटर वर आली, म्हणजे तिथे सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा माचा, त्याला तिन्ही बाजूंनी कठडा आणि धड पायऱ्या लागणार. हे सगळं १८ मीटरला. ३० मीटरची लाईन सपाट जागेत करायला गेलात तर माचा एवढा उंच होतो की तो मोठ्यांनाही धोक्याचा. आता कळेल मी लांबी शेवटी का म्हणतो ते.

थांबणार कसं

बरीच स्वस्त किटं ब्रेकशिवाय येतात. कुठेतरी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ब्रेक वेगळा घ्या. काहींत एक रबरी ठोकळा देतात आणि त्यालाच ब्रेक म्हणतात. हे किट कितीही सुंदर दिसलं तरी बाजूला ठेवा, किंवा ब्रेकची किंमत त्यात धरूनच तुलना करा.

वेगाचा हिशोब सोपा आहे. घर्षण आणि वारा सोडून दिला तर १ मीटर उंचीच्या फरकाला वेग ताशी १६ किलोमीटरपर्यंत जातो, २ मीटरला साडेबावीसपर्यंत. प्रत्यक्षात ट्रॉली आणि हवा मिळून तो बराच कमी करतात, पण चांगल्या बेअरिंगची ट्रॉली असेल तर तितकाही कमी होत नाही. सायकलवरून या वेगाने जाऊन फणसाच्या बुंध्यावर आपटायचं, असं डोळ्यासमोर आणा. झाडाला जुना टायर बांधला की झालं असं खूप जण करतात. टायर हवाच, पण ती शेवटची गादी आहे, ब्रेक नव्हे.

घरगुती लाईनला दोन प्रकारचे ब्रेक चालतात. एक स्प्रिंगचा, म्हणजे शेवटच्या टोकाला दोरावरच ओवलेली लांब स्प्रिंग, ट्रॉली येऊन तिला दाबते आणि थांबते. दुसरा बंजीचा, त्यात दोरावर एक ठोकळा सरकतो आणि त्याला बांधलेली इलॅस्टिकची दोरी बाजूच्या झाडाला किंवा खुंटीला असते. छोट्या लाईनसाठी मी स्प्रिंगच सुचवेन, कारण तिच्यात रोज तपासायला फार काही नाही आणि बंजीचं रबर आपल्या उन्हात लवकर मरतं. फक्त लक्षात ठेवा की स्प्रिंग टोक बांधायच्या आधी दोरात ओवावी लागते, नंतर आठवलं तर सगळं सोडून परत बांधा. आणि तिचं भोक तुमच्या दोराच्या जाडीला चालणारं आहे का ते घेतानाच बघा.

आता यातला खरा महत्त्वाचा भाग. ट्रॉली थांबते पण पोर थांबत नाही, ते सीटसकट पुढे आणि वर झोका खातं. सेकंदाला ४ मीटर वेगात ट्रॉली एकदम थांबली तर तो झोका ८० सेंटिमीटर वर जाऊ शकतो, आणि पाय त्याच्याही पुढे असतात. म्हणून ट्रॉली जिथे पूर्ण थांबते तिथपासून झाडापर्यंत निदान अडीच मीटर मोकळे पाहिजेत. दोन झाडांमधल्या अंतरातून हे अडीच मीटर आणि स्प्रिंगची लांबी वजा केली की जी राहते ती तुमची खरी लाईन.

वजनाचा आकडा वाचताना पण फक्त जास्तीत जास्त किती ते बघू नका. २० किलोचं पोर आणि ८० किलोचा बाबा एकाच लाईनवर सारखे जात नाहीत. हलकं पोर मधेच अडकतं, मोठा माणूस ब्रेकवर दणकन जाऊन आदळतो. लाईन कोणासाठी ते आधी ठरवा आणि त्या वजनाला ब्रेक आणि उतार जुळवा. मुलांसाठी लावली असेल तर मोठ्यांनी बसायचं नाही, पाहुणे आले म्हणून पण नाही.

कुठलं झाड चालतं

छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर निदान १ मीटर, म्हणजे जाडी १२ इंचाच्या पुढे, आणि झाड जिवंत, सरळ, निरोगी. यात फणस सगळ्यात चांगला, चिंच चांगली, जुना सागवान चांगला. आंबा चालतो पण नीट तपासून, कारण आंब्याला खोडकिडा लागतो आणि बाहेरून हिरवागार दिसणारा बुंधा आतून पोकळ असू शकतो. बुंध्यावर भोकं आणि त्यातून पडणारा भुसा, डिंकासारखा स्राव, मुळाशी उगवलेली अळंबी, यातलं काही दिसलं की ते झाड बाद. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून बघा, कुठे आवाज बद्द आला की थांबा.

काजू नको. तो बुटका, वाकडा, फांद्या पटकन मोडतात आणि त्यालाही खोडकिडा असतो. शेवगा, गुलमोहर, पोफळ, रस्त्याकडेला लावतात तो अकेशिया, हे सगळे नको. 

माडाबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण गोव्यात परस म्हटलं की पहिला हात माडावरच जातो. सरळ आहे, उंच आहे, दोन माड बरोब्बर हव्या त्या अंतरावर आहेत, मग का नाही? एक तर माड वाऱ्याला वाकतो, त्याचं टिकणंच त्या वाकण्यावर आहे, आणि तुमचा दोर त्याला एका बाजूला सतत ओढत राहणार, दोराचा झोळ रोज बदलणार. दुसरं म्हणजे आंबा-फणसासारखी माडाला साल भरून येत नाही. त्याच्या खोडात वाढणारा थर बाहेरच्या बाजूला नसतोच, त्यामुळे एकदा बोल्टने भोक पाडलं किंवा दोराने काचलं की ती जखम जन्मभराची. आणि उघड्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तो आत शिरला की वरून कळतं तेव्हा शेंडा मान टाकून बसलेला असतो. तिसरं कारण वर सांगितलं, नारळ आणि चुडती. चांगला धरता माड झिपलाईनसाठी घालवू नका.

सड्यावरच्या झाडांना पण जपून. तिथे मातीचा थर पातळ आणि खाली जांभा दगड, मुळं खोल न जाता आडवी पसरतात. पावसात असली झाडं मुळासकट उलथतात हे दरवर्षी बघतोच आपण.

एकाच बाजूला झाड असेल तर दुसऱ्या टोकाला लोखंडी खांब उभारता येतो, पण तो वेल्डरला सांगून अंदाजाने नको. खांबाची जाडी, काँक्रीटच्या खड्ड्याची खोली आणि मागच्या बाजूला ताणाची तार, हे तिन्ही इंजिनियरला दाखवून ठरवा. आणि घराच्या खांबाला, बाल्कनीला किंवा चिऱ्याच्या भिंतीला दोर बांधू नका. चिऱ्याचं बांधकाम वरून येणारं वजन मस्त घेतं, आडवी ओढ त्याला सहन होत नाही. झाडच तोडून जागा करायचा विचार असेल तर गोव्यात १९८४ पासून वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, आपल्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागते.

झाडाला दोर थेट गुंडाळायचा नाही. किटबरोबर झाडासाठी लाकडी पट्ट्या किंवा रुंद पट्टे येतात का बघा, नसतील तर फळीचे तुकडे कापून बुंध्याभोवती उभे लावा आणि त्यावरून दोर घ्या, म्हणजे साल चिरडत नाही.

ताण किती येतो

बहुतेकांना वाटतं की दोर जितका ताठ तितकी लाईन भारी. तसं नाहीये. कपडे वाळत घालायची दोरी ताठ हवी, झिपलाईन नव्हे. सूत्र सोपं आहे. माणूस बरोब्बर मधे असताना दोरात जो ताण येतो तो म्हणजे वजन गुणिले लांबी, भागिले झोळाची चौपट. ६० किलोचा माणूस, ३० मीटर लाईन, झोळ दीड मीटर, तर ताण ३०० किलो. तोच झोळ ६० सेंटिमीटर केला तर ताण ७५० किलो. आणि अगदी ताठ, ३० सेंटिमीटर झोळ ठेवला तर १५०० किलो. माणूस तोच, दोर तोच, झाड तेच. टर्नबकल, म्हणजे दोर ताणायचा स्क्रू, दोन फेरे जास्त फिरवायच्या हौसेने झाडावर पाचपट ओढ येते. म्हणून माणूस बसलेला असताना झोळ लांबीच्या ५ टक्के ठेवा, १८ मीटरला ९० सेंटिमीटर, ३० मीटरला दीड मीटर. झोळाचा अजून एक फायदा म्हणजे शेवटच्या भागात लाईन थोडी वर चढते, त्यामुळे वेग आपसूक कमी होऊन मग ट्रॉली ब्रेकवर येते.

हाच आकडा धरून दोर निवडायचा. किटात बहुतेक करून दोन जाड्या येतात, ३/१६ इंच म्हणजे पावणेपाच मिलिमीटर आणि १/४ इंच म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास. चांगल्या ७ बाय १९ बांधणीच्या (सात पेड, प्रत्येकात १९ तारा) गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या दोराची तुटायची ताकद पहिल्याला साधारण १९०० किलो आणि दुसऱ्याला ३१७५ किलो. पण हा आकडा तुटायचा आहे, वापरायचा नाही. क्लॅम्प लावले की ताकद ८० टक्क्यांवर येते, आणि त्याचा पाचवा भागच वापरायचा असं धरलं तर पातळ दोराला ३०० किलो आणि जाडाला ५०० किलोच्या आसपास ताण चालतो. वरच्या ३०० किलोच्या उदाहरणात पातळ दोर कडेवर येऊन बसतो. म्हणून मी तरी सरळ १/४ इंचाचाच घ्यायला सांगेन, फक्त लहान मुलांसाठी छोटी लाईन असली तरी. विकणारा फक्त ‘लोड ३००० किलो’ म्हणत असेल तर विचारा की हा ब्रेकिंग लोड की वर्किंग लोड. उत्तर देता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

दोर वेगळा सुटा घेणार असाल तर ७ बाय १९ असंच सांगा, त्यात गाभा पण स्टीलचाच असतो. मालीम, वास्को, कुटबणच्या जेट्टीजवळ ट्रॉलरसाठी जो दोर मिळतो तो बहुधा आत फायबरचा गाभा असलेला आणि ग्रीसने माखलेला असतो, तो मासेमारीला उत्तम पण इथे नको, ताणतो आणि ट्रॉलीच्या चाकाला पण जुळत नाही. प्लास्टिकचं कव्हर घातलेली वायर तर मुळीच नको, आत गंज चढला तरी बाहेरून दिसत नाही. भारतीय कंपनीचा दोर असेल तर आयएस २२६६ चं, म्हणजे स्टीलच्या दोरांच्या भारतीय मानकाचं, टेस्ट सर्टिफिकेट मागा.

मीठ आणि गंज

मांद्रे, कळंगुट, कोलवा, पाळोळे, समुद्र ऐकू येतो एवढ्या अंतरावर घर असेल तर या भागावर जास्तच लक्ष द्या. किटात चकचकीत रुपेरी क्लॅम्प येतात ना, त्यावर जस्ताचा अगदी पातळ मुलामा असतो, किनाऱ्यावर तो बघता बघता जातो. हॉट डिप केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला माल दिसायला खरखरीत, मळकट राखाडी असतो पण त्याचा थर जाड, तो टिकतो. किनाऱ्याजवळ शक्यतो स्टेनलेस घ्या, आणि त्यातही ३०४ आणि ३१६ या दोन प्रकारांत फरक आहे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या हवेत तो बराच चांगला टिकतो, ३०४ वर तांबूस डाग पडायला लागतात. स्टेनलेसची ताकद गॅल्वनाइज्डपेक्षा किंचित कमी असते, तेवढं हिशोबात धरा. आणि दोर स्टेनलेस आणि क्लॅम्प जस्ताचे अशी भेसळ करू नका, दोन धातू एकत्र आले की खाऱ्या दमटपणात जस्त आधी संपतं.

गंज बहुधा मधल्या उघड्या दोरावर सुरू होत नाही, तो सुरू होतो जिथे पाणी अडतं तिथे. क्लॅम्पचा नट सैल करून खोगीर, म्हणजे त्याचा चपटा भाग, उचला आणि दोराच्या पिळांमध्ये बघा. बाहेरचे धागे चांदीसारखे आणि आतल्या खोबणीत विटकरी पूड, बोटाला लागते. थिंबलच्या, म्हणजे दोराच्या फासात बसवलेल्या धातूच्या खोबणीच्या वळणावर आणि झाडाला गुंडाळलेल्या भागावर ओली पानं, माती अडकून तसंच होतं. एक जरी धागा तुटून बाहेर आलेला दिसला तर तो दोर आता भाजीचा मांडव बांधायला वापरा, माणसाला नाही. तपासायला जाड हातमोजा घालून सुती फडकं दोरावरून फिरवायचं, धागा तुटला असेल तर फडकं तिथे अडकतं.

क्लॅम्प प्रत्येक टोकाला ३ लावा, आणि ते फोर्ज केलेले, म्हणजे ठोकून घडवलेले असावेत, ओतीव नकोत. चपटी खोगिराची बाजू नेहमी लांब, भार घेणाऱ्या दोरावर, आणि यू-बोल्ट छोट्या, सुट्या टोकावर. उलटं लावलं की यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चिरडतो आणि ताकद खूप उतरते, आणि उलटे लावलेले मी सगळीकडे बघतो, गेटच्या तारेपासून मांडवापर्यंत. १/४ इंचाला नट २० न्यूटन-मीटरवर आवळायचे, टॉर्क पाना गॅरेजवाल्याकडे मिळतो. पहिल्यांदा भार दिल्यावर दोर थोडा बारीक होतो, तेव्हा परत आवळा. टर्नबकल हुकवाला नको, दोन्ही बाजूंना पिनवाला घ्या, आणि बसवल्यावर तो आपोआप फिरणार नाही अशी त्याला तार बांधा.

ट्रॉली, सीट, पट्टे

ट्रॉलीच्या चाकाची खोबण तुमच्या दोराच्या जाडीची पाहिजे, बेअरिंग सील केलेले पाहिजेत, आणि बाजूच्या पट्ट्या एवढ्या बंद की बोट चाकात जाणार नाही. हाताने धरायचा दांडा ट्रॉलीखाली लांब असावा, पोरांचा हात आपोआप दोराकडे जातो आणि चालत्या ट्रॉलीपुढे हात म्हणजे बोटं गेली.

नुसतं लोंबकळत जायचं किट घेऊ नका, पोरांच्या हाताची पकड मधेच सुटते. ५-६ वर्षांच्या पुढच्या मुलांना गोल चकतीची सीट छान, पायात घेऊन बसायचं, उतरायला सोपं. लाईन जास्त उंच असेल तर हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे. मुलांना कमरेचा हार्नेस निसटतो, त्यांना खांद्यावरून येणारा पूर्ण अंगाचा पाहिजे, युरोपच्या ईएन १२२७७ या मानकात त्याला टाईप बी म्हणतात, ४० किलोपर्यंतच्यांसाठी. लेबल शिवलेलं नसेल तर तो हार्नेस म्हणजे नुसता पट्टा. डोक्याला हेल्मेट, गळ्यात ओढणी, साखळी, काही नाही, केस बांधलेले. ट्रॉली मागे ओढून आणायला दोरी बांधली असेल तर तिला फास किंवा गाठीचं कडं ठेवू नका, आणि कोणी बसलेलं असताना ती मोकळी लोंबू देऊ नका.

पहिली फेरी माणसाची नाही. वाळूची गोणी भरा, बसणाऱ्या सगळ्यात जड माणसापेक्षा जड, ती सीटला बांधून आधी ब्रेकजवळून सोडा, मग थोडी मागून, मग अजून मागून, आणि दर वेळी बघा ब्रेक कुठपर्यंत दबतो, झोळ किती, झाड हलतं का, मुळाजवळची माती उचलते का. गोणी झाडाला लागली तर उतार कमी करा किंवा सुटायची जागा पुढे आणा. मग हलकी गोणी सोडून बघा ती मधे अडकते का. हे सगळं करायला अख्खी सकाळ जाते, जाऊ द्या.

पावसात काय

मे संपता संपता लाईन उतरवा. पूर्ण उतरवायची म्हणतोय मी, नुसती सैल नाही. ओल्या दोरावर ब्रेक कसा वागेल त्याचा भरवसा नाही, वीज पडायच्या दिवसांत झाडांमध्ये लोखंडी दोर नको, आणि वाऱ्यात दोन झाडं वेगवेगळी डुलली तर मधला ताण तुमच्या हिशोबात कुठेच नसतो. म्हणून घेतानाच असं किट घ्या ज्यात झाडाचे पट्टे आणि मधला दोर शॅकलने, म्हणजे पिन काढून उघडणाऱ्या कड्याने, वेगळे होतात, नाहीतर दरवर्षी सगळे क्लॅम्प उघडावे लागतील. दोर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, मोठी गुंडाळी करून माळ्यावर, खिळ्याला टांगून. ग्रीस चोपडू नका, त्यात माती बसते आणि ट्रॉलीची चाकं खराब होतात. सीटची दोरी, हार्नेस उन्हापासून आत, आणि तांदळाच्या पोत्याजवळ नको, उंदीर पट्टे कुरतडतात.

चवथीला सगळी भाचरं घरी येतात आणि तेव्हाच लाईन पाहिजे असते, हा आग्रह दरवर्षी होणार. तेव्हा पाऊस गेलेला नसतो, झाडांचे बुंधे शेवाळलेले, माती मऊ. दसऱ्यापर्यंत थांबा. मग झाडं परत ठोकून तपासा, झाडाचा घेर वाढला असेल तर पट्टे मोठे करा, फडकं फिरवून दोर बघा, गोणी परत सोडा. क्लॅम्प उघडावे लागले असतील तर नवे घ्या, एकदा आवळलेले परत वापरू नका, सगळ्या किटात तेवढीच एक गोष्ट आहे जी स्वस्त आहे आणि जिच्यावर सगळं लटकतं.